दोष कोठे होता?

(रोज उगवणारा आणि मावळणारा सूर्य आपल्याला शांत दिसतो. पण त्याच्यावरही वादळे होतात आणि त्यांचा परिणाम आपल्या घरातील वस्तूंपर्यंत पोहोचतो. प्रस्तुत पाठात उस्मानपुऱ्यातील एका मुलीने आपल्या दादाजानांच्या रेडिओची हकिकत सांगितली आहे. त्या हकिकतीतून सौरवादळे, सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी आणि त्यांचा अभ्यास करणारे लोक यांची ओळख होते.)

आमचे घर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरातील उस्मानपुरा भागात आहे. जवळच पीर बाजार आहे. तेथे माझ्या दादाजानांचे रेडिओ दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. पुढे घरोघरी टीव्ही आले, मग मोबाइल आले. रेडिओ दुरुस्तीला कोणी आणेना. दादाजानांनी दुकान बंद केले. मात्र दोन वस्तू त्यांनी घरी जपून ठेवल्या. एक अवजारांची पेटी आणि दुसरी नोंदवही.

दुकानात आलेल्या प्रत्येक रेडिओची त्या वहीत उर्दूत नोंद आहे. तारीख, वेळ, तक्रार, दोष आणि उपाय असे पाच रकाने आहेत. दादाजान नेहमी म्हणत, "बेटा, दोष सापडल्याशिवाय कोणाला दोष देऊ नये."

१० मे २०२४ चा दिवस. शुक्रवार होता. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती. बाहेर कडक ऊन पडले होते. दादाजान जुम्याच्या नमाजासाठी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून ओसरीत बसले होते. त्यांचा जुना रेडिओ चालू होता. शॉर्टवेव्हवर, म्हणजे लघुलहरींवर, दूरच्या देशातील एक केंद्र लागले होते.

अचानक निवेदकाचा आवाज खोल जाऊ लागला आणि थोड्याच वेळात पूर्ण बुडाला. दादाजानांनी काटा इकडून तिकडे फिरवला. लघुलहरींवरचे एकही केंद्र लागेना. नेहमीची खरखरसुद्धा कमी झाली होती. मग त्यांनी मध्यम लहरी लावून पाहिल्या, तर आपल्या शहराचे आकाशवाणी केंद्र स्वच्छ ऐकू आले!

आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या हातून तो रेडिओ खाली पडला होता. मी लगेच त्याच्यावर ओरडले, "हे तुझेच काम! तूच रेडिओ बिघडवलास!" तो बिचारा रडू लागला.

"थांब," दादाजान म्हणाले, "आधी पाहू तरी."

त्यांनी पेटी उघडली. नवीन सेल घातले. मागचे झाकण काढून एकेक जोड तपासला. कोठेही तार तुटलेली नव्हती. लहरी बदलण्याचा स्विच त्यांनी साफ केला. तरीही लघुलहरी मुक्याच राहिल्या. नमाजाची वेळ झाली, तेव्हा रेडिओ तसाच उघडा ठेवून ते मशिदीत गेले.

दुपारी परत आल्यावर त्यांनी सहज बटण फिरवले. तेच दूरचे केंद्र खणखणीत वाजू लागले!

आम्हांला आनंद झाला, पण दादाजानांचा चेहरा मात्र उतरला. ते म्हणाले, "जो दोष मी काढलाच नाही, तो गेला कसा? आता माझे डोळे आणि हात थकले. ही पेटी कोणाला तरी देऊन टाकावी." नोंदवही उघडून त्यांनी लिहिले, '१० मे २०२४. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. लघुलहरी बंद. आपोआप सुरू.' दोषाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात एक बातमी आली. सूर्यावरील मोठ्या वादळामुळे १० मेच्या रात्री लडाखमधील हानले येथे आकाश तांबडे दिसले होते. मी बातमी वाचली आणि विसरून गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एके दिवशी विज्ञानाच्या बाई त्याच सौरवादळाविषयी सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "१० मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी सूर्यावरील एका सौरज्वालेने कळस गाठला. त्या वेळी आपल्या भागातील लघुलहरींचे प्रसारण विस्कळीत झाले."

मी दचकून उभी राहिले. "बाई, त्याच वेळी आमच्या दादाजानांचा रेडिओ बंद पडला होता! त्यांनी लिहून ठेवले आहे."

"खरेच? मग ती वही उद्या घेऊन ये," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती नोंद सर्व वर्गाला वाचून दाखवली. मग फळ्यावर पृथ्वीचे चित्र काढून त्यांनी समजावून सांगितले.

"पृथ्वी गोल आहे. म्हणून दूरच्या केंद्राच्या लघुलहरी आपल्याकडे सरळ येऊ शकत नाहीत. जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर विद्युतभारित कणांचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. कॅरमची सोंगटी कडेला आपटून परत फिरते, तशा या लहरी आयनांबराच्या वरच्या थरांवरून खाली वळतात आणि हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. आता सूर्यावर काय झाले ते पाहा. सूर्यावरील डागांच्या जवळ चुंबकबल फार मोठे असते. तेथे साठलेली ऊर्जा कधी कधी एकदम मोकळी होते. हीच सौरज्वाला. तिच्यातून निघालेले क्ष-किरण १५ कोटी किलोमीटरचे अंतर सव्वाआठ मिनिटांत कापून पृथ्वीवर येतात. त्यांच्यामुळे आयनांबराच्या खालच्या थरातील विद्युतभारित कण एकाएकी वाढतात. मग तो थर लघुलहरी शोषून घेतो. सोंगटी कडेपर्यंत पोहोचतच नाही!"

"मग आकाशवाणी कशी ऐकू येत होती?" एकीने विचारले.

"गावातल्या केंद्राच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या आधाराने येतात. त्यांना वर जाण्याची गरज नसते. आणि आणखी एक गंमत सांगते. सूर्य ज्या भागाच्या माथ्यावर असतो, तेथे हा परिणाम सर्वांत जास्त होतो. मे महिन्यात आपल्या शहरात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दिवशी १२ वाजून २४ मिनिटे ही येथे नेमकी जवालची वेळ होती!"

सारा वर्ग थक्क झाला. मी विचारले, "बाई, पण हे सूर्याचे काम आहे, हे लोकांना प्रथम कळले कसे?"

बाई म्हणाल्या, "त्यासाठी आपल्याला मुंबईला जावे लागेल, तेही १८५९ साली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकबलाची मोजणी होत असे. तेथील कर्मचारी तासातासाला चुंबकाची स्थिती पाहून वहीत लिहीत. ती अस्थिर झाली, की दर काही मिनिटांनी नोंद घेत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे शास्त्रज्ञ सूर्याचे डाग पाहत असताना त्यांना डागांजवळ एकदम झगझगीत प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. २ सप्टेंबरला कुलाब्याच्या नोंदीत चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्ला एवढे घसरले. अनेक ठिकाणची उपकरणे एवढा मोठा बदल दाखवू शकली नाहीत. कुलाब्याची नोंद मात्र टिकली. २००३ साली शास्त्रज्ञांनी ते वादळ किती मोठे होते हे ठरवले, तेव्हा याच जुन्या नोंदी उपयोगी पडल्या."

"ती वेधशाळा अजून आहे का?"

"मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार होत्या. विजेमुळे चुंबकाच्या मोजणीत अडथळा येतो. म्हणून १९०४ साली हे काम रायगड जिल्ह्यातील अलिबागला हलवले. तेथे आजही नोंदी घेतल्या जातात."

बाईंनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि पुढे सांगितले, "सूर्य कधी रेडिओची वाट अडवतो, तर कधी स्वतःच रेडिओ लहरींचा मारा करतो. त्याला रेडिओ उद्रेक म्हणतात. १९४२ च्या फेब्रुवारीत दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटनच्या रडारयंत्रांत अचानक मोठा गोंगाट सुरू झाला. शत्रूनेच आपली रडार निकामी केली, असे लष्कराला वाटले. जे. एस. हे नावाच्या शास्त्रज्ञाने घाई न करता गोंगाट कोणत्या दिशेने येतो ते तपासले. तो सूर्याच्या दिशेने येत होता! त्या दिवसांत सूर्यावर डागांचा एक मोठा समूह होता.

"२३ मे १९६७ रोजी तर फारच कठीण प्रसंग आला. अमेरिकेची क्षेपणास्त्रांवर लक्ष ठेवणारी तीन रडार केंद्रे एकाच वेळी निकामी झाल्यासारखी दिसू लागली. एक अलास्कात, एक ग्रीनलंडमध्ये आणि एक इंग्लंडमध्ये होते. रशियाने मुद्दाम हे केले असावे, असा संशय आला. लढाऊ विमाने सज्ज होऊ लागली. परंतु सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या लोकांनी वेळेवर कळवले, की सूर्यावर मोठा उद्रेक झाला आहे. विमाने जमिनीवरच राहिली. ही खबर उशिरा पोहोचली असती, तर काय झाले असते?"

वर्गात कोणीच बोलले नाही. मला माझा धाकटा भाऊ आठवला.

"या रेडिओ लहरींतून सूर्याविषयी काही कळते का?" एकाने विचारले.

"पुष्कळ कळते," बाई म्हणाल्या. "समजा, सूर्यावरून वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर निघाले. सूर्याजवळ वायू दाट असतो, वर जावे तसा तो विरळ होतो. दाट वायूतून उच्च कंप्रतेच्या लहरी निघतात आणि विरळ वायूतून कमी कंप्रतेच्या. त्यामुळे इलेक्ट्रॉन वर जाऊ लागले, की काही सेकंदांतच सतारीचा सूर वरच्या पट्टीतून खाली उतरावा, तशी त्या लहरींची कंप्रता उतरते. पण कधी कधी सूर खाली उतरून पुन्हा वर चढतो. म्हणजे काय झाले असेल?"

जरा विचार करून मी म्हणाले, "इलेक्ट्रॉन वर जाऊन पुन्हा खाली आले असतील."

"शाबास! चुंबकबलाच्या कमानीवरून ते परत फिरतात. हा प्रकार शोधून काढणाऱ्यांत आपल्या देशाचे डॉ. गोविंद स्वरूप होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात काम करताना त्यांना व त्यांचे सहकारी ॲलन मॅक्सवेल यांना तो आढळला. डॉ. स्वरूप पुढे भारतात परत आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. ऑस्ट्रेलियाने सिडनीजवळ वापरलेल्या, सुमारे सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या भारताला भेट दिल्या होत्या. त्या १९६५ साली डॉ. स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईजवळ कल्याण येथे उभारल्या आणि त्यांतून सूर्याचे निरीक्षण केले. दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूंनी त्यांनी काम सुरू केले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. जगभरातील शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. डॉ. स्वरूप २०२० साली पुण्यात वारले."

शेवटी बाई म्हणाल्या, "मुलांनो, सूर्याचे वादळ आपण थांबवू शकत नाही. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळामुळे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. पण वादळाची खबर आधी मिळाली, तर नुकसान टाळता येते. प्रकाश आणि रेडिओ लहरी सव्वाआठ मिनिटांत येतात. विद्युतभारित कणांचा मोठा ढग यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. तेवढा वेळ आपल्या हाती असतो. म्हणूनच भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य-एल१' हे यान सोडले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर राहून ते सूर्यावर लक्ष ठेवते. त्याची एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने तयार केली आहे. कुलाब्याची वही, खोडदच्या थाळ्या आणि हे यान यांचे काम एकच आहे. लक्ष ठेवायचे आणि जसे दिसेल तसे लिहायचे. तुझ्या दादाजानांनीही तेच केले."

संध्याकाळी मी धावतच घरी गेले आणि दादाजानांना सर्व काही सांगितले. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतले. मग चष्मा पुसला, नोंदवही मागितली आणि दोषाच्या कोऱ्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'आफताब'.

"आणि उपाय?" मी विचारले.

"थोडी वाट पाहणे," ते हसून म्हणाले.

मी माझ्या भावाला जवळ बोलावले. "माझे चुकले रे. दोष तुझा नव्हता," मी म्हणाले. त्याने लगेच विचारले, "मग आता रेडिओला हात लावू?"

दादाजानांनी पेटी उघडली आणि लहान पेचकस त्याच्या हाती दिला. ते म्हणाले, "ये, बस. झाकण कसे काढायचे ते दाखवतो."

शब्दार्थ
दोष – बिघाड, चूक
रकाना – वहीतील उभा भाग, खाना
निवेदक – रेडिओवर बोलणारा
विस्कळीत होणे – मध्येच तुटणे, नीट न चालणे
विद्युतभारित – ज्यात विजेचा भार आहे असा
वेधशाळा – ग्रह, तारे, हवामान इत्यादींचे निरीक्षण करण्याची जागा
तारायंत्र – विजेच्या तारेने संदेश पाठवण्याचे यंत्र
उद्रेक – एकदम व जोराने बाहेर पडणे
कंप्रता – एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या
विरळ – पातळ, दाट नसलेला
पेचकस – स्क्रू फिरवण्याचे अवजार

वाक्प्रचार
चेहरा उतरणे – निराश होणे
कळस गाठणे – सर्वांत वरच्या पातळीला पोहोचणे
थक्क होणे – आश्चर्य वाटणे
लक्ष ठेवणे – सतत पाहत राहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) दादाजानांचे दुकान कोठे होते?
(२) दादाजानांनी कोणत्या दोन वस्तू जपून ठेवल्या?
(३) सौरज्वालेतील क्ष-किरण पृथ्वीवर किती वेळात येतात?
(४) चुंबकबलाच्या नोंदी घेण्याचे काम मुंबईहून कोठे हलवले?
(५) खोडदच्या दुर्बिणीत किती थाळ्या आहेत?

प्र. २. कारणे लिहा.
(१) रेडिओ सुरू झाला तरी दादाजानांचा चेहरा उतरला.
(२) लघुलहरी बंद असतानाही आकाशवाणी केंद्र ऐकू येत होते.
(३) १९६७ साली लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) १८५९ सालच्या कुलाब्याच्या नोंदी महत्त्वाच्या का ठरल्या?
(२) डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कार्याची माहिती लिहा.
(३) 'दोष सापडल्याशिवाय कोणाला दोष देऊ नये', हे वाक्य पाठातील कोणकोणत्या प्रसंगांना लागू पडते?

प्र. ४. कोण, कोणास म्हणाले?
(१) "तूच रेडिओ बिघडवलास!"
(२) "मग ती वही उद्या घेऊन ये."
(३) "थोडी वाट पाहणे."

प्र. ५. 'दुकान, बाजार, तारीख, खबर, दुरुस्ती' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : एक वही करा. आठ दिवस रोज ठरावीक वेळी अंगणातील काठीच्या सावलीची लांबी मोजून तारखेसह लिहा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नका.